मैनेची पोटली

"हे हळद. हे तुरटी. हा चिमटा. अन् ह्या पट्ट्या."

उत्तमराव ओसरीवर मांडी ठोकून बसला होता अन् एकेक जिन्नस पोटलीत घालत होता. समोर मैना पुढचे पाय पसरून बसलेली. मैना म्हणजे त्याची कुत्री. पांढरी, एक कान काळा, अन् नजर अशी की जशी काही घरची मालकीण तीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपायची होती. वरवट बकालहून निघायचं, पूर्णा ओलांडायची, नांदुऱ्याला मुक्काम करायचा अन् मोताळ्यावरून धामणगाव बढ्याला पोचायचं. तिथं त्याच्या बायकोच्या, कोकिळेच्या, भावाचं, सहदेवचं, लग्न होतं. स्वतःचं लग्न झाल्यापासून कोकिळा पहिल्यांदाच नवऱ्यासोबत माहेरी चालली होती. सगळ्या भावकीनं मांडवात पाहावं की नवरा तिचा आहे, तिच्या बाजूला उभा आहे. बस, एवढीच तिची हौस होती.

ती आतल्या दारात बसून कुरडया डालीत रचत होती. कान मात्र ओसरीवर.

"आयकून राह्यली का वं?" उत्तमरावनं हाक दिली. "गाडीवर आपण दोघंच. माह्या हातात कासरा राहीन. म्हणून सांगतो. कुत्र्याले लागलं ना, त पयले त्याचं तोंड बांधायचं."

"आपलं कुत्रं आपल्यालेच चावते का?"

"दुखलं की त्याले आपलं-परकं समजत नाई. केसर म्हणे, पट्टीचा फास करायचा, नाकावर टाकायचा, गाठ हनुवटीखाली, अन् मंग दोन्ही टोकं कानामांगं नेऊन बांधायची. लय आवळायचं नाई, श्वास घेता आला पायजे. ओकत असन त बांधायचंच नाई. अन् केसर म्हणे, रगत वाह्यत असन त हळद-बिळद मंग, आंधी कपडा दाबून धरायचा. उचलून उचलून पाह्यचं नाई. केसर म्हणे..."

केसर म्हणे. केसर करे. केसरले हे पटत नसे.

केसर म्हणजे उत्तमरावची पहिली बायको. तापानं गेली. मैनेला तिनंच पिल्लू असताना पदराखाली घालून आणलं होतं, नावही तिनंच ठेवलं. मग कोकिळा आली. पाणवठ्यावरच्या बाया तिला पाहून हसत. "मैना होतीच, आता कोकिळा आली. उत्तमचा पोपट झाला की मंग पिंजराच आणा!" कोकिळाही त्यांच्यासोबत हसे. घरी येऊन घागर मात्र आदळून ठेवे.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात केसरचा टाक होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली इवलीशी बाई. दुसरेपणावर आलेल्या बाईला मेलेल्या सवतीचा टाक घालावाच लागे. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, हळदकुंकू लावायचं, मग आपण नेसायचं. या टाकाचं कोकिळेला काही वाटत नव्हतं. टाक बिचारा गुपचूप पडून राहतो. नवरा गुपचूप राहत नव्हता, दुखणं ते होतं.

अन् त्यातलं खरं दुखणं तर आणखी वेगळं. जित्या बायकोचं नाव चारचौघात घ्यायचं नाही, हा रिवाज. चारचौघात काय, उत्तमराव घरातही घेत नसे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. तेव्हापासून कोकिळा म्हणजे "अवं", "आयकलं का", नाही तर नुसतं खाकरणं. मेलेल्या बाईला मात्र काही बंधन नाही. तिचं नाव दिवसभर घरात खेळायचं. कोकिळेला कधी कधी वाटे, आपणही मेलो तर हा माणूस आपलं नाव घेईल. मग ती स्वतःवरच चिडे. एका नावासाठी मरायचं, येडी झाली का तू?

"अन् मले गाडी लागते," ती आतून म्हणाली. "माह्यासाठी काय घेतलं?"

"तुले काय पायजे? तू त वर बसूनच राहशीन."

"उत्तम्या," सासू मनकर्णाबाई तिकडून तांदूळ निवडता निवडता बोलल्या, "कुत्रीचं बाळंतपण उरकलं असन त बायकोकडंही पाह्य जरासा."

"पाह्यतो नं, माय. नांदुऱ्याले ढोराचा दवाखाना कुठं हाय ते विचारून आलो. वेशीतून डाव्या हाताले. मैनाले काई झालं त धावपळ नको."

कोकिळेनं कुरडई मोडली. धामणगावात तिच्या माहेरची गल्ली कोणत्या हाताला आहे, हे या माणसाला अजून विचारावं लागत होतं.

तिनं दारातून पाहिलं. पट्ट्या हिरव्या होत्या. केसरच्या लुगड्याच्या. उत्तमराव एकेक पट्टी मांडीवर ठेवून सारखी करत होता, हात फिरवत होता. असा हात तो बैलाच्या पाठीवर फिरवायचा, मैनेच्या डोक्यावर फिरवायचा. 

पहाटे गाडी जुंपली तेव्हा त्या बाईनं काय केलं, तर काही नाही. ठरवून असं काहीच केलं नाही. गाडीतल्या टोपल्यात जागा कमी होती. कुरडयांची डाल बसेना. पोटली काढली की डाल बरोबर बसे. तिनं पोटली काढली, कंदिलाच्या उजेडात तिची गाठ पाहिली, ही गाठसुद्धा त्यानं किती निगुतीनं मारली होती, अन् ती कोठीमागं नेऊन ठेवली. डाल बसली. तिनं वरून फडकं टाकलं.

मनकर्णाबाईंनी टाकाला कुंकू लावलं. "म्हण वं पोरी, केसर, जाऊन येतो."

"केसर, जाऊन येतो," कोकिळा म्हणाली. अन् मनातल्या मनात पुढं जोडलं, 'तू इथंच राह्य.'

गाडी निघाली.

मैना गाडीखालून चालत होती, दोन्ही चाकांच्या मधून, आखाच्या बरोबर खालून. गाडीमागच्या कुत्र्यांची ती सवयच असते. ऊन नव्हतं तोवर कोकिळा खुशीत होती. पुढं नवऱ्याजवळ बसली होती. नवं लुगडं नेसली होती, जांभळं, लाल काठाचं. मैनाबाई खाली धूळ खात चालली होती. असंच धामणगावापर्यंत गेलं तर काय बहार येईल, असं तिच्या मनात आलं.

मग ऊन चढलं अन् डांबरी सडक लागली. उत्तमरावनं बैल थांबवले, खाली उतरला, सडकेवर हाताची पाठ टेकवली अन् झटक्यानं उचलली.

"आपल्या हाताले सोसत नाई, तिच्या पंजाले काय सोसन? वर घेतो तिले. सरक जराशी."

"कुठं सरकू?"

"मांगं. टोपल्यापाशी."

मैना वर आली. पुढं बसली. उत्तमरावच्या मांडीला मांडी लावून. कोकिळा मागं टोपल्याला टेकून बसली अन् गाडीचे सगळे धक्के तिच्या वाट्याला आले. तिनं बरंच सोसलं. शेवटी गाडीच्या कडेवरून वाकली अन् सकाळचा चहा सडकेवर गेला.

उत्तमराव घाबरला, खरं सांगायचं तर. बैल रोखले, पाणी काढलं. "घे, घे. चूळ भर. मैनाचं झालं पिऊन, उरलेलं सारं तुलेच."

तो चांगल्या मनानंच बोलला. तेच जास्त लागलं. कोकिळेनं चूळ भरली. मैनेनं मागं वळून पाहिलं, जांभई दिली. 'दे जांभई,' कोकिळेनं मनात म्हटलं, 'तुहा दिवस हाय.'

पूर्णेच्या उताराला उत्तमरावनं मैनेला खाली सोडलं. पात्रात पाणी कमी अन् वाळूच जास्त. दोन्ही अंगाला टरबुजाच्या वाड्या, बाभळीच्या काट्यांची कुंपणं. गाडीची चाकं वाळूत रुतत होती. उत्तमराव उतरून बैलांच्या तोंडाशी चालत होता अन् कोकिळा एकटी वर होती.

वाडीतून तीन कुत्री आली. कुंपणाच्या फटीतून एकामागून एक. मैना भुंकली, आपली हद्द नाही हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पुढचं सगळं चाकाच्या बाजूलाच झालं. नुसती धूळ, वाळू अन् गुरगुर. वाडीवाला म्हातारा काठी घेऊन ओरडत धावला. त्यानं आपली कुत्री हाकलली तोवर मैना एका अंगावर पडली होती. मागच्या मांडीचं कातडं फाटून लोंबत होतं अन् रक्त वाळूवर असं पडत होतं, जसं मोटेतून पाणी.

"पोटली!" उत्तमराव ओरडला. "पोटली काढ, लवकर!"

कोकिळा टोपल्यापाशी बसून राहिली.

"अवं काढ ना!"

"नाई."

"नाई म्हणजे?"

"घरी हाय पोटली."

उत्तमरावनं तिच्याकडं पाहिलं. "राह्यली का ठेवली?"

खोटं बोलता आलं असतं. गडबडीत राहिली म्हटलं असतं तर त्यानं मानलंही असतं, भोळा माणूस. पण तिच्या तोंडून निघून गेलं. "ठेवली."

  तो मैनेपाशी गुडघे टेकून बसला अन् त्यानं उघडे हात पुढं केले. मैनेनं फाडकन तोंड मारलं. मालकाच्या हाताला, ज्यानं तिला भाकरी चारली त्या हाताला. दात लागले नाहीत, थोडक्यात वाचला. पण तो मागं सरला अन् तसाच बसून राहिला.  तोंड पांढरं पडलं होतं. काल ओसरीवर पाठ म्हणून दाखवणारा हाच का तो माणूस, असं वाटावं.

"काय करू?" तो म्हणाला. "काय करायचं असते?"

"बांध ना तिचं तोंड, बाप्पा!" म्हातारा काठी आपटत म्हणाला. "पाह्यत काय बसला?"

अन् गंमत पाहा. कोकिळेला सगळं पाठ होतं. शब्दन् शब्द. प्रेमानं ऐकलेलं माणूस विसरून जातो, जळत जळत ऐकलेलं कानात चिकटून बसतं. आधी तोंड. नाकावर फास. हनुवटीखाली गाठ. कानामागं.

तिनं गाडीतून उडी टाकली. पट्टी कशाची? डालीवरचं फडकं इवलंसं, त्याचं काही होत नव्हतं. तिनं जांभळ्या लुगड्याचा पदर दातात धरला अन् टर्रकन फाडला. लाल काठासकट लांब पट्टी निघाली. उत्तमरावनं तेवढ्यातही मान वर केली. नवं लुगडं होतं ते.

"मांगून धरा तिले. मानेपाशी. असं नाई, खांद्याले धरा."

त्यानं धरलं. कोकिळा मैनेच्या तोंडापुढं बसली नाही, बाजूला बसली. फास टाकला. मैनेनं झटका दिला, फास सुटला, अन् एक दात कोकिळेच्या अंगठ्याला ओझरता लागून गेला. तिनं शिवी हासडली, माहेरची ठेवणीतली. पुन्हा टाकला. ओढला. गाठ मारली. टोकं कानामागं नेली, त्या काळ्या कानामागं अन् पांढऱ्या कानामागं, अन् बांधली. बोट घालून पाहिलं, श्वास चालू होता.

मग तिनं उरलेल्या पदराची घडी केली अन् जखमेवर दाबून धरली. तळवे भरले, मनगटं भरली, पण तिनं हात उचलला नाही.

"थांबन का?" उत्तमराव रडकुंडीला आला होता. "थांबन का रगत? सोडू नको. केसर, दाबून धर. केसर, सोडू नको तिले..."

कोकिळेचे हात जागच्या जागी थांबले. दाब तेवढाच होता, पण ती थांबली.

"कोणाले म्हणून राह्यले?"

"आँ?"

"कोण हावो मी?"

"आता हे काय..."

"नाव घ्या माह्यं." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं अन् आवाज मात्र एकदम करडा. "नाव घ्या, नाई त सोडतो मी. खरंच सोडतो. मंग तुमी जाणा अन् तुमची मैना जाणे."

सोडलं असतं का तिनं? तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. वाडीवाला म्हातारा इकडं तिकडं पाहू लागला. परक्या माणसासमोर नवऱ्याकडून नाव वदवून घेणारी बाई त्यानं पाहिली नसावी.

उत्तमरावनं ओठ हलवले. एवढा मोठा गडी, अन् नाव काही बाहेर निघेना.

"कोकिळा," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"कोकिळा! कोकिळा, दाबून धर ना वं, पाया पडतो तुह्या!"

"धरलं," ती म्हणाली अन् नाक खांद्याला पुसलं. "मी सोडलंच कुठं होतं?"

म्हाताऱ्यानं वाडीतली फळी आणून दिली. मैनेला घोंगडीवर घेऊन फळीवर सरकवलं, फळी गाडीत ठेवली. आता मैनेला पुढं जागा नव्हती, मागंही नव्हती. ती आडवी पडली होती अन् तिचं डोकं कोकिळेच्या मांडीवर होतं, कारण दाब कोकिळा धरून होती. रक्त हळूहळू थांबत आलं.  नांदुऱ्यापर्यंत कोकिळेला मळमळही झाली नाही, विसरूनच गेली असावी.

ढोराचा दवाखाना वेशीतून डाव्या हातालाच होता. डॉक्टर बैलाच्या खुराला औषध लावत होते, कुत्री पाहून आधी त्यांनी भुवया चढवल्या. मग टाके घातले. सुई पाहून उत्तमराव बाहेर जाऊन उभा राहिला. कोकिळेनं मैनेला धरून ठेवलं. अंगठ्याचं खरचटणं त्यांनी साबणानं बराच वेळ धुवून घेतलं, माणसांच्या दवाखान्यातही दाखवायला पाठवलं. कुत्रीवर नीट नजर ठेवा म्हणाले, तिचं वागणं बदललं तर लगेच या.

रात्री मुक्काम दवाखान्याच्या आवारातच पडला. सकाळी उत्तमराव घुटमळत तिच्यापाशी आला.

"मी काय म्हणतो. हिले लय हादरे बसले नाई पायजे. तू येष्टीनं पुढं जाय. हळद गाठशीन. मी हिले घेऊन हळूहळू येतो."

"म्हणजे मी एकटी मांडवात जाऊ? अन् विचारलं कोणी, जावई कुठं हाय, त काय सांगू? कुत्रीपाशी बसले?"

"मंग कसं करायचं?"

"तिघं जाऊ. हळद हुकली त हुकली. सहदेव पाटावर बसायच्या आंधी पोचलो म्हणजे झालं. पोटलीचं मी केलं, ते मी भोगतो. पण तुमाले तिच्यापाशी सोडून जात नाई, सांगून ठेवतो."

तो हसला नाही. पण बैल जुंपताना त्यानं जास्तीचा कडबा गाडीत पसरला, मैनेच्या खाली पसरला अन् कोकिळेच्या पाठीमागंही पसरला.

गाडी मोताळ्याच्या वाटेला लागली. मग सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"केसर असती त..."

अन् त्यानं जीभ चावली.

"बोला ना," कोकिळा मागून म्हणाली. आवाज गोड होता. तसा गोड आवाज झाला की मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून निघून जात. "थांबले काऊन? केसर असती त काय केलं असतं तिनं?"

उत्तमराव बैलांच्या पाठीकडं पाहत राहिला. खोटं बोलणं त्यालाही जमत नव्हतं.

"काई नसतं केलं."

"म्हणजे?"

"तिले रगत पाह्यलं की भोवळ ये. बोटाले सुई टोचली तरी खाली बसे. मैनाले काई होईन याचं तिले लय भेव. म्हणून पोटली बांधे. याले विचार, त्याले विचार, हे असं करतेत, ते तसं करतेत. सारं आयकीव. तोंड बांधायची पाळी तिच्यावर कधी आलीच नाई. आली असती त..." तो थांबला. "आली असती त आमी दोघंही बोंबलत बसलो असतो. अन् मैना मेली असती."

गाडी चालत होती. 

कोकिळेला काय वाटावं? त्या मेलेल्या बाईची कीव यायला पाहिजे होती. आलीही थोडीशी. भित्री बिचारी, एवढासा जीव, कुत्रीच्या काळजीनं गावभर विचारत फिरणारी. मांडीवरच्या मैनेच्या कानावरून तिनं हात फिरवला. पण त्या कीवेच्या आतून, तळाशी, असं काही गुदगुदायला लागलं की तिला ओठ दाबून धरावे लागले. देवाशपथ, मेलेल्या माणसावर असा आनंद मानू नये. तिला कळत होतं. अन् तरीही.

"आयकलं का?" ती म्हणाली.

"काय?"

"तिले काय होये म्हणता? रगत पाह्यलं की?"

"भोवळ ये."

"अन् मी होतो म्हणून काय झालं?"

"मैना वाचली."

"असं नाई. सारं सांगा. सुरुवातीपासून."

"आत्ताच त सांगितलं!"

"धक्क्यात नीट आयकू नाई आलं," कोकिळा म्हणाली अन् कडब्यावर आरामशीर टेकून बसली. "पुन्हा सांगा. हळूहळू सांगा. अजून धामणगाव लय दूर हाय."